नऊ आठवडे आधी ठरलेलं चिकन

२०२५ साली दीप अमावास्या २४ जुलैला होती. दुसऱ्या दिवशी श्रावण लागणार म्हणून महाराष्ट्रात चिकनला एकदम मागणी येते तो हा दिवस. त्या दिवशी दुकानात आलेली ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवलेली, कोंबडी शेडमध्ये ४० दिवस वाढलेली धरली, तर एक दिवसाचं पिल्लू म्हणून ती १४ जूनला शेडमध्ये उतरली. त्याआधीचे २१ दिवस ती अंडी उबवणाऱ्या हॅचरीच्या यंत्रात, अंड्यात होती. म्हणजे अंडं यंत्रात भरलं २४ मेला. ते घातलं गेलं त्याच्या चार दिवस आधी, २० मेच्या सुमारास. ते घालणारी पालक कोंबडी तेव्हा ३० आठवड्यांची असेल, तर तिचा स्वतःचा जन्म २२ ऑक्टोबर २०२४ चा. आदल्या दिवाळीच्याही आधीचा.

चिकनचा दर मागणीवर ठरतो असं आपण म्हणतो आणि ते खरंही आहे. पण दराची दुसरी बाजू, म्हणजे त्या दिवशी बाजारात किती पक्षी येणार, ही मे महिन्यातच ठरून गेलेली असते. मागणी एका अफवेने, एका सणाने रात्रीत बदलते. पुरवठा मात्र तीन आठवडे उबवणीचे आणि सहा आठवडे वाढीचे असा नऊ आठवडे आधी बांधला जातो, आणि एकदा बांधला की मागे घेता येत नाही. म्हणूनच हॅचरीत दर आठवड्याला किती अंडी भरली, किती पिल्लं निघाली आणि किती शेडमध्ये गेली, हे तीन आकडे या धंद्यात सगळ्यात मोलाचे आहेत. ज्याच्याकडे ते असतात त्याला दोन महिन्यांनंतरचा बाजार बराचसा दिसतो. शेडमध्ये राबणाऱ्या शेतकऱ्याकडे ते बहुतेक वेळा नसतात.

आकडा सुरू होतो तो पालक कोंबडीपासून

आपण खातो ती ब्रॉयलर कोंबडी स्वतः अंडी घालायच्या वयाला कधी पोचतच नाही. तिची आई वेगळ्या फार्मवर असते. त्या पालक कळपाला धंद्यात ब्रीडर किंवा पॅरेंट म्हणतात. त्याच्या वर आजी-आजोबांचा कळप, त्याच्याही वर पणजी-पणजोबांचा आणि सगळ्यात वर मोजक्या कंपन्यांच्या हातातली शुद्ध वाणं, अशी ही उतरंड आहे. आपल्याकडे पुण्यात मुख्यालय असलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीज समूहाचा व्हेनकॉब आणि एव्हियाजेनचा रॉस ही नावं शेतकऱ्यांच्या तोंडी असतात. वरच्या पिढीतला एक पक्षी कमी झाला तर खालपर्यंत हजारो पिल्लं कमी होतात, आणि ते कळायला वर्ष-दोन वर्षं जातात.

पालक कोंबडी २४-२५ आठवड्यांची झाली की अंड्यावर येते. पहिली अंडी लहान असतात. ५० ग्रॅमच्या आतलं अंडं सहसा यंत्रात भरत नाहीत, कारण त्यातून निघणारं पिल्लू किडकिडीत असतं. ३० आठवड्यांच्या आसपास उत्पादन शिखरावर जातं, नंतर हळूहळू उतरतं, आणि ६०-६५ आठवड्यांना कळप काढून टाकतात. तेवढ्या काळात एक कोंबडी उबवण्याजोगी १७० ते १८० अंडी आणि त्यातून १४०-१५० पिल्लं देते. पाच टक्के मरतूक वजा करून प्रत्येक पक्षी २.२ किलोला विकला, तर एका पालक कोंबडीमागे ३०० किलो जिवंत वजनाचं चिकन उभं राहतं. रोगाने किंवा तोट्यापायी १० हजार पालक कोंबड्या वेळेआधी गेल्या, तर पुढच्या काही महिन्यांत बाजारातून ३ हजार टन चिकन नाहीसं होतं. हे गणित डोक्यात असलं की ‘दर वाढलाय तर कंपन्या उत्पादन का वाढवत नाहीत’ या प्रश्नाचं उत्तर मिळतं. आज पालक पिल्लं टाकली तर २५ आठवड्यांनी अंडी, त्यानंतर तीन आठवडे उबवण, मग सहा आठवडे वाढ. पहिलं चिकन आठ महिन्यांनी.

उलट बाजूही तितकीच कठीण आहे. मागणी पडली म्हणून कोंबडी अंडी घालायचं थांबत नाही. हॅचरीवाल्यापुढे मग मोजकेच रस्ते उरतात: अंडी यंत्रात न भरता खाण्यासाठी विकायची, काही दिवस थंड खोलीत ठेवायची, किंवा वयस्कर कळप लवकर काढायचा. पुरवठा कमी-जास्त करण्याची खरी चावी इथे आहे, अंडी यंत्रात जाण्याच्या आधी. यंत्रात गेलेलं अंडं थांबवता येत नाही.

एकवीस दिवस

ब्रीडर फार्मवरून आलेल्या अंड्यांच्या प्रत्येक ट्रेवर कळपाचा नंबर आणि अंडी गोळा केल्याची तारीख असते. ही पट्टी सुटली तर पुढचा सगळा माग संपला, म्हणून चांगल्या हॅचरीत तिला फार जपतात. अंडी १६ ते १८ अंश सेल्सियसला ठेवतात. एवढ्या गारव्यात आतला जीव झोपलेला राहतो, वाढत नाही आणि मरतही नाही. आठवडाभर हे चालतं. सात दिवसांपुढे मात्र दर दिवसागणिक थोडी थोडी पिल्लं हातची जातात. बाजार पडलेला असताना अंडी दहा-बारा दिवस ठेवून भरली की हॅच, म्हणजे अंड्यांतून पिल्लं निघण्याचा टक्का, का घसरतो, त्याचं हे कारण.

मग अंडी सेटरमध्ये जातात. ३७.५ अंशांच्या जरा वर तापमान, हवेत ठरावीक ओलावा, आणि तासातासाला ट्रे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला कलतो. खुडूक कोंबडी चोचीने अंडी फिरवते तेच काम इथे मोटर करते, नाहीतर आतला गर्भ कवचाला चिकटतो. पहिल्या अठरा दिवसांत अंड्याचं ११ ते १३ टक्के वजन बाष्प होऊन उडून जायला हवं, तेव्हाच अंड्याच्या रुंद टोकाशी पिल्लाला पहिला श्वास घ्यायला पुरेशी हवा साठते. अर्धा काळ उलटला की गर्भ स्वतःच उष्णता सोडू लागतो, आणि यंत्राचं काम तापवण्याचं उरत नाही, थंड ठेवण्याचं होतं. वीज गेली आणि जनरेटर वेळेत सुरू झाला नाही, तर सुरुवातीच्या दिवसांतली अंडी गारठ्याने बिघडतात आणि शेवटच्या दिवसांतली पंखे थांबल्याने उष्णतेने आणि गुदमरून. अठराव्या दिवशी अंडी हॅचर नावाच्या दुसऱ्या यंत्रात हलवतात. तिथे ट्रे कलत नाही, पिल्लू चोचीने कवच फोडून बाहेर येतं. सगळी पिल्लं एकदम येत नाहीत. पहिलं आणि शेवटचं यांत दिवसभराचं अंतर असतं, आणि ते जितकं कमी तितका लॉट एकसारखा.

जन्मलेल्या पिल्लाच्या पोटात बलकाचा साठा शिल्लक असतो. त्यावर ते दोन-तीन दिवस दाणापाण्यावाचून तगू शकतं, आणि त्यामुळेच लांबच्या हॅचरीतली पिल्लं रात्रभराच्या प्रवासानंतर आपल्या शेडमध्ये जिवंत उतरतात. तगतं म्हणून ते ठीक असतं असं मात्र नाही. जितक्या लवकर पाणी आणि खाद्य, तितकी पुढची वाढ चांगली.

हॅच किती निघाला?

हा प्रश्न दोन शेतकरी भेटले की निघतो आणि उत्तर टक्क्यांत येतं. पण कशाचे टक्के, हे विचारलंच पाहिजे. यंत्रात भरलेल्या १०० अंड्यांपैकी किती पिल्लं निघाली, हा एक आकडा. त्या १०० पैकी जी फळलेली, म्हणजे गर्भ धरलेली होती, फक्त त्यांतली किती निघाली, हा दुसरा. कळपात नर कमजोर असतील तर पहिला आकडा पडतो, दुसरा चांगलाच राहतो. यंत्रात बिघाड असेल तर दोन्ही पडतात. एका आकड्याने दोष फार्मचा, दुसऱ्याने हॅचरीचा हे कळतं, म्हणून या दोघांची सरमिसळ करणारा माणूस चुकीच्या जागी औषध लावत बसतो.

न उबलेली अंडी फोडून पाहणं हा हॅचरीतला सगळ्यात घाणेरडा आणि सगळ्यात शिकवणारा उद्योग आहे. फळलंच नव्हतं का, पहिल्या तीन दिवसांत मेलं का, मधल्या काळात की अठराव्या दिवसानंतर, की चोच बाहेर काढून मग मेलं, हे कळपवार लिहून ठेवतात. गर्भ सगळ्यात जास्त दगावतात ते सुरुवातीच्या दोन-चार दिवसांत आणि शेवटच्या तीन दिवसांत. सुरुवातीचं नुकसान वाढलं तर अंडी किती दिवस आणि कशी ठेवली ते बघायचं, शेवटचं वाढलं तर हॅचरमधली हवा आणि ओलावा. दिव्यासमोर अंडं धरून बघण्याचा प्रकार, कँडलिंग, झटपट आहे, पण त्यात फळलेलंच नसलेलं आणि अगदी सुरुवातीला मेलेलं अंडं सारखंच पारदर्शक दिसतं. खरं काय ते फोडल्यावरच कळतं.

कळपाचं वय हा या सगळ्यावरचा मोठा प्रभाव. नव्याने अंड्यावर आलेल्या कळपाचा हॅच कमी, तिशी ते पंचेचाळीस आठवड्यांत उत्तम, पुढे पुन्हा उतार. उतरत्या वयात नरांचं वजन वाढतं, पाय दुखतात, जोडा लागत नाही. तेव्हा कळपात तरुण नर मिसळतात. आपल्याकडचा उन्हाळा वेगळाच घाव घालतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात कोंबडी खाणं कमी करते, कवच पातळ होतं, नर सुस्तावतात. त्या अंड्यांतून निघणारी पिल्लं जूनमध्ये शेडवर येतात आणि पक्षी जुलैत बाजारात. पावसाळ्याच्या तोंडावर पिल्लं मिळत नाहीत ही तक्रार कित्येकदा मेच्या उन्हातून आलेली असते.

आता हिशोब करू. १ लाख अंडी भरली. हॅच ८२ टक्के, म्हणजे ८२ हजार पिल्लं. लंगडी, नाभी उघडी राहिलेली हजारभर बाजूला काढली, उरली ८१ हजार. शेडमध्ये पाच टक्के मरतूक, विकायला ७६,९५०. सरासरी २.२ किलोने १६९ टन. हॅच ८२ ऐवजी ७७ निघाला आणि बाकी सगळं तसंच राहिलं, तर १५९ टन. अंडी तेवढीच, यंत्रं तेवढीच, आणि १० टन माल गायब. फक्त किती अंडी भरली एवढंच पाहणाऱ्याला हा फरक दिसणार नाही.

आणखी एक चूक फार सहज होते. या आठवड्यात निघालेल्या पिल्लांना याच आठवड्यात भरलेल्या अंड्यांनी भागायचं. समजा तीन आठवड्यांपूर्वी १० लाख अंडी भरली होती आणि आज त्यातून ८ लाख पिल्लं निघाली. हॅच ८० टक्के. पण सणाकडे डोळा ठेवून या आठवड्यात १२ लाख अंडी भरली असतील आणि ८ लाखांना १२ लाखांनी भागलं, तर ६७ टक्के येतात आणि हॅचरीत हाहाकार उडतो. आजची पिल्लं तीन आठवड्यांपूर्वीच्या अंड्यांची. आजच्या वहीला तीन आठवडे मागची वही जोडल्याशिवाय टक्का निघत नाही.

अमेरिकेतला बुधवारचा कागद

हे सगळं उघडपणे, देशभरासाठी मोजणारी व्यवस्था पाहायची असेल तर अमेरिकेकडे बघावं लागतं. तिथल्या कृषी खात्याची सांख्यिकी संस्था दर बुधवारी ब्रॉयलर हॅचरींचा अहवाल काढते. गेल्या आठवड्यात किती अंडी यंत्रात भरली, किती पिल्लं वाढीसाठी शेडमध्ये टाकली, गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्याच्या तुलनेत किती कमी-जास्त. देशाचा एकूण आकडा, शिवाय जॉर्जिया, अलाबामा, अर्कान्सा अशा प्रमुख १९ राज्यांचे वेगवेगळे. आठवड्याला २४ कोटींच्या आसपास अंडी भरली जातात आणि १९ कोटींच्या आसपास पिल्लं टाकली जातात. देशाचा सरासरी हॅचही त्यात असतो, आणि तो वर सांगितल्याप्रमाणेच, तीन आठवड्यांपूर्वीच्या अंड्यांवर काढलेला. अहवाल फुकट आहे, कोणीही वाचावा. मका पिकवणारा शेतकरी, हॉटेलवाला, बँकवाला आणि कोंबडी कापणारी कंपनी सगळे एकाच वेळी तोच कागद बघतात.

या अहवालांत गेल्या काही वर्षांत दिसलेली एक गोष्ट फार बोलकी आहे. दशकभरापूर्वी तिथला सरासरी हॅच ८४ टक्क्यांच्या आसपास असे. अलीकडच्या वर्षांत तो ८० च्या खाली उतरला. म्हणजे भरलेल्या अंड्यांचा आकडा वाढताना दिसतो, पण पिल्लं त्या मानाने वाढत नाहीत. भरपूर मांस, जाड छाती, झपाट्याने वजन, या गुणांसाठी निवडलेल्या नरात प्रजननाची ताकद कमी पडते, हे त्यामागच्या कारणांपैकी एक मानलं जातं. २०२१ साली टायसन फूड्स या बलाढ्य कंपनीने जाहीरपणे सांगितलं होतं की त्यांनी वापरात आणलेल्या नराच्या वाणामुळे अंडी अपेक्षेइतकी उबत नाहीत आणि तो नर बदलावा लागतो आहे. टाळेबंदी सैल होऊन चिकनची मागणी उसळली होती, नेमकी तेव्हा कंपनी कमी पडली. नर बदलायचा निर्णय एका दिवसात होतो, त्याचा परिणाम बाजारात यायला अनेक महिने लागतात.

आपल्याकडे असा आठवड्याचा सरकारी आकडा नाही. पशुगणना पाच वर्षांनी होते. विसाव्या, २०१९ च्या गणनेत देशात ८५ कोटींहून अधिक कोंबड्यावर्गीय पक्षी मोजले गेले. वर्षाचे उत्पादनाचे आकडे केंद्र सरकार प्रसिद्ध करतं. पण ४० दिवसांत तयार होणाऱ्या पक्ष्याला वर्षाच्या आकड्याचा काय उपयोग? वर्षभरात एका शेडमधून पाच-सहा बॅचेस निघून गेलेल्या असतात. खाण्याच्या अंड्यांचे दर राष्ट्रीय अंडी समन्वय समिती रोज जाहीर करते, पक्ष्यांचे लिफ्टिंग रेट, म्हणजे शेडमधून जिवंत पक्षी उचलण्याचे दर, रोज सकाळी व्हॉट्सॲपवर फिरतात. दर सगळ्यांना कळतो. दोन महिन्यांनी तो कुठे जाईल हे सांगणारा आकडा मात्र कंपन्यांच्या हिशोबवहीत राहतो.

शेडमध्ये याचा अर्थ काय

महाराष्ट्रातला ब्रॉयलर शेतकरी बहुतेक करार पद्धतीत आहे. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, वीज, पाणी, तूस, मजुरी आणि रात्रीची जाग शेतकऱ्याची. त्याला वजनावर किलोमागे मोबदला मिळतो. दर पडला तर तोटा कंपनीचा, असं सांगितलं जातं, आणि चालू बॅचपुरतं ते खरं असतं. पण कंपनी तोटा आवरते तो अंडी कमी भरून. अंडी कमी भरली की पिल्लं कमी, आणि पिल्लं कमी म्हणजे दोन बॅचेसमधला खंड वाढतो. पंधरा दिवसांत पिल्लं येणार म्हणून शेतकऱ्याने शेड धुऊन, चुना मारून, तूस पसरून ठेवलेलं असतं, आणि महिना उलटला तरी गाडी येत नाही. वर्षाच्या सहा बॅचेसच्या पाच झाल्या की कर्जाचा हप्ता तेवढाच राहतो. मला या धंद्यात सगळ्यात जास्त खटकते ती ही गोष्ट. गाडी उशिरा येणार हे हॅचरीत किमान तीन आठवडे आधी माहीत असतं, कारण अंडी भरलेलीच नसतात. तेवढं शेतकऱ्याला आधी सांगितलं तर तो मजूर मोकळे करेल, दुसरं काम बघेल, बँकेशी बोलेल.

स्वतःच्या भांडवलावर पक्षी वाढवणाऱ्याचं दुखणं निराळं. दर चढलेला दिसला की तो पिल्लं घ्यायला धावतो. तेव्हाच सगळे धावतात, पिल्लांचा भाव वाढतो, महाग पिल्लं शेडमध्ये जातात, आणि ४० दिवसांनी सगळ्यांचे पक्षी एकाच आठवड्यात बाजारात उतरतात. दर कोसळतो. मग पुढच्या वेळी शेड रिकामं ठेवतो आणि ४० दिवसांनी दर पुन्हा चढतो. तो चुकीचा विचार करत नाही, त्याच्यासमोर आजचा दर सोडून दुसरा आकडाच नाही.

२०२० मध्ये ही साखळी डोळ्यांदेखत तुटली. कोंबडीतून कोरोना पसरतो अशी साफ खोटी अफवा फेब्रुवारी-मार्चमध्ये फिरली. चिकन कोणी घेईना. शेतकऱ्यांनी पक्षी मातीमोल भावाने विकले, काहींनी फुकट वाटले, जिवंत पुरले. हॅचरींनी अंडी भरणं थांबवलं, निघालेली पिल्लं नष्ट केली. मग लोकांची भीती ओसरली, मागणी परतली, आणि मे-जूनमध्ये चिकन एकदम महाग झालं. साठेबाजी झाली असं तेव्हा अनेकांना वाटलं. जिवंत कोंबडीचा साठा करता येत नाही, रोज ती खाद्य खाते आणि विक्रीच्या वजनापुढे तोट्यात जाते. मार्चमध्ये न भरलेली अंडी मे अखेरीस बाजारात दिसली नाहीत, एवढीच ती गोष्ट होती. बर्ड फ्लूच्या वेळीही असंच होतं. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशात पहिल्यांदा हा रोग सापडला. प्रत्यक्ष पक्षी मारले गेले ते बाधित भागातले, पण भीतीने मागणी सगळीकडे बसली, आणि मागणी बसली की पुढचा वार अंडी भरण्यावर येतो.

श्रावण हा त्या मानाने सरळ हिशोब, कारण पंचांग आधीच छापलेलं असतं. श्रावणात पक्षी कमी हवेत तर मे-जूनमध्ये अंडी कमी भरायची. २०२३ साली अधिक श्रावण आला, १८ जुलै ते १६ ऑगस्ट, आणि त्यापुढे निज श्रावण. मागणी मंदावण्याचा काळ किती ताणला जाईल याचा अंदाज त्या वर्षी हॅचरीवाल्यांना उन्हाळ्यातच बांधावा लागला.

अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं, लेयरचं, गणित याच धर्तीचं पण लांब पल्ल्याचं आहे. तिथे निघालेल्या पिल्लांतली निम्मी नर, ती उपयोगाची नाहीत. उरलेली मादी पिल्लं १८-२० आठवड्यांनी अंड्यावर येतात आणि वर्षाहून जास्त काळ देत राहतात. म्हणजे आज टाकलेल्या पिल्लांचा परिणाम अंड्यांच्या दरावर साडेचार-पाच महिन्यांनी सुरू होतो आणि दीड वर्ष टिकतो.

आकडा कोणाच्या हातात

आकडे असावेत एवढंच म्हणून भागत नाही, ते कोणाला दिसतात हेही तितकंच महत्त्वाचं. याचाही धडा अमेरिकेतच आहे. सरकारी अहवालाशिवाय तिथे ॲग्री स्टॅट्स नावाची खासगी संस्था कंपन्यांकडून अतिशय बारीक आकडे गोळा करून त्या कंपन्यांनाच देत असे. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने तिच्यावर खटला भरला. आरोप असा की या देवाणघेवाणीमुळे मांस कंपन्यांमधली स्पर्धा मारली गेली. पुरवठ्याची तीच माहिती सगळ्यांसमोर उघडी असेल तर ती शेतकऱ्याला ताकद देते. चार मोठ्या खोल्यांतच फिरत राहिली, तर ज्यांना ती दिसत नाही त्यांच्याविरुद्ध वापरली जाण्याची शक्यता उरते.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की राज्याच्या पशुसंवर्धन विभागाने हॅचरींकडून दर आठवड्याला तीन आकडे घ्यावेत आणि जिल्हावार नाही तरी राज्यपातळीवर जाहीर करावेत: भरलेली अंडी, निघालेली पिल्लं, राज्यातल्या शेडमध्ये उतरलेली पिल्लं. तिसरा आकडा वेगळा हवा. पिल्लं तमिळनाडू, कर्नाटक, तेलंगणातूनही येतात आणि आपल्याकडून बाहेरही जातात, त्यामुळे राज्यात निघालेली पिल्लं आणि राज्यात वाढणारे पक्षी यांचा मेळ बसत नाही. कुठल्याही एका कंपनीचं नाव उघड करायची गरज नाही, बेरीज पुरे. हॅचरीत हे आकडे रोज लिहिलेच जातात, नवीन मोजणी कोणाला करायची नाही.

तोवर शेतकऱ्याला स्वतःपुरतं काही करता येतं. पिल्लांची गाडी आली की चलनावर फक्त संख्या न पाहता विचारावं: पिल्लं कोणत्या तारखेला, किती वाजता काढली, कोणत्या कळपाची, त्या कळपाचं वय काय. २७ आठवड्यांच्या कळपाचं ३८ ग्रॅमचं पिल्लू आणि ५५ आठवड्यांच्या कळपाचं ४५ ग्रॅमचं पिल्लू एकाच शेडमध्ये एकत्र सोडली तर लहान पिल्लू खाद्याच्या भांड्यापर्यंत पोचत नाही, आणि बॅच शेवटपर्यंत वरखाली राहते. ती वेगळी ठेवावीत, लहानांना ऊब जास्त दिवस द्यावी. पेटीत शंभरावर दोन जादा देण्याची रीत आहे, तरी चार-पाच पेट्या हाताने मोजाव्यात, वाटेत मेलेली लिहून घ्यावीत. सातव्या दिवशी वजन करावं. पहिल्या दिवसाच्या चौपटीहून ते जास्त असायला हवं. पहिल्याच आठवड्यात दीड-दोन टक्के मेली तर बिघाड शेडच्या ब्रूडिंगमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब देण्यात, आहे की हॅचरीतून आलेला, हे या नोंदींशिवाय सांगता येत नाही, आणि करारात दोष बहुधा शेतकऱ्याच्या गळ्यात पडतो.

तालुक्यातल्या वीस-पंचवीस शेतकऱ्यांनी आपापली पिल्लं उतरल्याची तारीख आणि संख्या एका वहीत टाकायला सुरुवात केली, तर ४० दिवसांनंतर त्यांच्या बाजारात किती पक्षी येतील याचा ढोबळ आकडा त्यांच्याच हातात येतो. आठवडेवार बेरीज करायची, मरतूक वजा करायची, सरासरी वजनाने गुणायचं. खंड किती दिवसांचा पडला तेही त्याच ओळीत लिहायचं, कारण सगळ्यांचे खंड एकाच वेळी वाढू लागले तर कंपनीने तीन-चार आठवड्यांपूर्वी अंडी कमी भरली, हे कोणी न सांगता कळतं. पुढच्या वर्षी कराराचा मोबदला ठरवायला बसताना वीस शेडच्या रिकाम्या दिवसांची ही बेरीज समोर ठेवता येते.